तुर्गुनालीचं पाचवं तिकीट

आमच्या गावचा तुर्गुनाली लढाईत गेला, दूर परक्या मुलखात, एक पूल राखताना, आणि देशोदेशी वीर म्हणून गाजला. चौकात त्याचा पुतळा आहे, पण तो कोणाचाही म्हणून खपेल. कारण तुर्गुनालीचा एकही फोटो नाही. त्यामुळे ज्या ज्या देशाने त्याच्या नावाने टपाल तिकीट काढलं, त्या त्या देशाने आपल्या मनाला येईल तसा माणूस रंगवला. मी शाळेत भूगोल शिकवायचो आणि ही तिकिटं जमवायचो. बायको म्हणायची, लोक मेंढ्या राखतात, आमचा माणूस कपटे राखतो.

नवं तिकीट आलं की ते घेऊन मी आयिमकान एजेकडे जायचो. एजे म्हणजे गावाची थोरली बहीण, आणि तुर्गुनालीची विधवा. लग्नानंतर बाराव्या दिवशी तो लढाईवर गेला आणि तिने पुन्हा घर मांडलं नाही. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पंचेचाळीस वर्षांत तिच्या तोंडून ते नाव कोणी ऐकलं नव्हतं.

हंगेरीच्या तिकिटावर त्याला झुपकेदार मिशा. एवढ्या मिशांतून हे सूप कसं प्यायचे म्हणे, असं तिने मलाच विचारलं. क्युबाचा तिला साखर विकणारा वाटला. बल्गेरियाचा पाहून म्हणाली, हा कोणाचा नवरा आणलास, परत देऊन ये. मंगोलियाच्या तिकिटात तिला घोडा तेवढा आवडला. आम्ही पोट धरून हसायचो. पण हसून झालं की ती तिकीट उलटं करून ठेवायची.

मग एका वर्षी तिचे डोळे बिघडले. काचबिंदू. हिवाळ्यापर्यंत उरलंसुरलं जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याआधी तिला नवऱ्याचा खरा चेहरा दाखवायचाच, हे मी मनाशी धरलं.

आणि नशीब बघा, चेकोस्लोव्हाकियातल्या माझ्या तिकीटमित्राचं, वोय्तेखचं पत्र आलं. तुर्गुनालीने राखलेला पूल त्यांच्याच देशातला; तिथल्या एका शाळकरी मुलीने तेव्हा, तुर्गुनाली जेवत असताना, पेन्सिलीने त्याचं चित्र काढलं होतं, आणि नवं तिकीट त्यावरूनच केलं होतं. मी माझा घोड्यांच्या तिकिटांचा अख्खा संच त्याला पाठवून दिला. महिन्याने पाकीट आलं. वोय्तेखने ते तिकीट पाकिटावरच चिकटवून, शिक्का मारून धाडलं होतं. चेहरा जांभळा, नाव काळं.

आता माझा गाढवपणा ऐका. पाकिटावरचं तिकीट सोडवायचं तर कोमट पाण्यात घालायचं, हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. शाई कच्ची आहे का, हे आधी बघायचं, हेही मीच शिकवलंय. पण आनंदात माझे हात सवयीने चालले. दहा मिनिटांनी वाडग्यातलं पाणी जांभळं झालं होतं. चेहरा गेला, खाली नाव तेवढं राहिलं. दुसरं मागवून येईपर्यंत हिवाळा उजाडला असता. मी रडलो, खोटं कशाला बोलू. बायकोने वाडग्यात डोकावून पाहिलं आणि ओलं तिकीट टिपायला फडकं आणून दिलं. तेच जास्त लागलं.

मंगोलियाचंच पुन्हा दाखवावं, तिला कुठे दिसतंय, असंही मनात आलं. पण धजावलो नाही. एजेसमोर जाऊन घडलं ते सगळं सांगितलं. तिने माझ्या वाटीत अर्धा चहा ओतला, आमच्यात पाहुण्याला थांबवून घ्यायची ही रीत, आणि ते तिकीट डोळ्यांपाशी धरून कितीतरी वेळ बसली.

"बरं झालं, मास्तर," ती म्हणाली.

मला वाटलं, माझी समजूत काढतेय.

"अकरा दिवस मी पडद्यामागे होते. नव्या नवरीने मान वर करायची नाही. हात पाहिले, बूट पाहिले. चेहरा धड पाहिलाच नाही रे. तू तिकीट घेऊन आलास की मी ते घाबरत घाबरतच हातात घ्यायचे. खरा चेहरा पुढे आला आणि मला ओळखताच आला नाही तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी भेट म्हणून जे नेत होतो, त्याची ही बाई धास्ती घेऊन बसली होती.

"उरलंय काय ह्यावर?" तिने विचारलं.

"नाव."

"वाच की मग."

मी हळूच वाचलं. तिने डोईच्या रुमालाचं टोक ओठांवर धरलं.

"मोठ्याने वाच. मला घेता येत नाही."

मग मी वर्गातल्या आवाजात वाचलं. तुर्गुनाली. "आणखी एकदा," ती म्हणाली. मी आणखी एकदा वाचलं. चहा निवून गेला तरी मी वाचत होतो, आणि पासष्ट वर्षांची एजे नव्या नवरीसारखी मान खाली घालून ऐकत होती.