एकीच्याच हातची सुई

"मशीन शिकू नगंस, पोरी. हितं जी शिकली, ती अडकली."

शालूबाई सिस्टर असं बोलल्या, तेव्हा फरहीन डायलिसिसच्या ट्रेनिंगला पुण्याला निघाली होती. शालूबाई त्या दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या. बाळंतपणाच्या खोलीतलं सगळं त्यांना एकटीलाच यायचं, म्हणून सख्ख्या लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकून त्या पैठणीवरच एप्रन चढवून ड्युटीवर आल्या होत्या. फरहीन हसली. बी.एस्सी. झालेली पोर, तिला वाटलं, जुन्या माणसांना नवं काही नकोच असतं.

शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात डायलिसिसची चार मशीनं आली, आणि ती चालवायला एकटी फरहीन. डॉक्टरांना ट्रेनिंगचं मात्र भारी कौतुक. महिन्यातून एकदा वरच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लागायचा, फरहीन सगळ्या स्टाफला शिकवायची, भजी यायची, फोटो निघायचे. सगळ्यांना सगळं तोंडपाठ. पण सुई काही तोंडानं टोचता येत नाही. पेशंटच्या हातावर ऑपरेशन करून जाड केलेली शीर असते, तिच्यात दोन जाडजूड सुया घालाव्या लागतात. चुकलं की हात फुगतो, आणि शीर बाद झाली तर चार मशीनं असून उपयोग नाही. म्हणून पेशंट फरहीनशिवाय कुणाला हातच लावू देत नसत.

"लोण्यावानी हात हाय पोरीचा," हे ऐकत सुरुवातीचे दिवस गोड गेले. मग लेक झाली, सना, आणि त्याच कौतुकाचा फास बसला. बाळंतपणाच्या रजेवर असताना दवाखान्याची गाडी दारात यायची. एप्रनच्या आत दूध पाझरायचं आणि पेशंट म्हणायचे, "बरं वाटलं बघ, तू आलीस."

त्या मंगळवारी सकाळी चारही पेशंट खाटांवर पडले होते आणि सासूचा, हाफिजाबींचा, फोन आला. "सनाकू ताप चढ्याय गे. आँखा फिरा रही है. रिजवान जयसिंगपूरकू गया. तू आजा."

मागच्या तापात सनाला झटका आला होता, आणि आज नवराही गावात नव्हता. फरहीननं फोनवरूनच शेजारच्या काशिफला रिक्षा घेऊन घरी पाठवलं, सासूला ओल्या फडक्यानं अंग पुसायला सांगितलं आणि डॉक्टरांकडे धावली.

"चौघांना जोड आणि जा की," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "अडवलंय कुणी?"

चौघांना जोडायचं म्हणजे पाऊण तास तरी.

ती परत आली. पहिल्या खाटेवर पन्हाळ्याकडचे पिराजीआण्णा. परवा भाच्याच्या लग्नात वाट्यामागून वाट्या पांढरा रस्सा ओरपून आलेले. अंगात पाणी साठलेलं, धाप लागलेली. शेजारी निशिगंधा, इतकी वर्षं फरहीनच्या हाताशी ट्रे धरून उभी राहिलेली सिस्टर.

"आण्णा, आज हात निशिगंधाकडं द्या."

"का? तू कुठं चाललीस?"

"लेकरू आजारी हाय माझं."

"आगं मग मला तेवढी टोच आन् जा की! बाकीच्यास्नी टोचू दे तिला."

"आन् आम्ही काय वाटंवर पडलोय व्हय?" बाकीचे तिघं एकदम ओरडले.

"तुझी पोरगी दोन दिसात बरी व्हईल," आण्णा धापा टाकत म्हणाले. "ह्यो हात गेला तर म्या कुठं जाऊ?"

ते खोटं नव्हतं. फरहीननं हातमोजे ओरबाडून काढले, बादलीत टाकले, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून भिंतीला टेकून उभी राहिली.

"आण्णा, माझे हात आज न्हाईत असं समजा. मी हितनं हलणार न्हाई. पोरीकडंबी जाणार न्हाई आन् तुमच्याकडंबी येणार न्हाई."

आण्णांनी डोळे वटारून तिच्याकडं पाहिलं.

"लई वंगाळ हैस तू," म्हणाले, हात पुढं केला आणि डोळे गच्च मिटले.

निशिगंधानं सुई उचलली. फरहीन जागेवरूनच बोलत राहिली. "शिरंवर बोट ठेव. थरथर लागती? तिथंच. तिरकी धर. ढकलू नकोस, तिला जाऊ दे." पाठीमागं तिच्या बोटांची नखं तिच्याच तळव्यात रुतली होती. नळीत लाल रेघ चढली. मग दुसरी सुई. तीही बसली.

"बघ!" आण्णा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "शेवटी तूच टोचलीस न्हवं? हाताची वळख हाय मला."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं निशिगंधाकडं बघत गुपचूप बाही वर सारली.

त्या बाईवर वाकताना निशिगंधानं क्षणभर कमरेवर हात दाबला. तिला दिवस गेले होते, हे दवाखान्यात फक्त फरहीनला ठाऊक होतं. फरहीननं तो हात पाहिला, आणि तरी ती पोरीकडं जायला जिना उतरली.

सनाला सलाइन लागलं. संध्याकाळी ताप उतरला. आईचं बोट मुठीत धरून ती झोपली, आणि ते बोट सोडवून घ्यायची फरहीनला भीती वाटली. त्याच महिन्यात तिनं नोकरी सोडली. निघताना डॉक्टरांना विनवून सांगितलं, "आणखी दोघींना शिकवा, सर. पेशंटना हात बदलायची सवय लावा."

"निशिगंधा आहे की," डॉक्टर म्हणाले.

आता फरहीन फोन लावते, तर पलीकडून एवढंच येतं, "ताई, मागनं करते, सुई हातात हाय." मागनं फोन येत नाही. स्वतः जाऊन बघावं, तर डॉक्टर पुन्हा एप्रन हातात देतील आणि आपल्याला नाही म्हणता येणार नाही, या धास्तीनं तिचा पाय उचलत नाही.

तेव्हा तुमचं कुणी शाहूपुरीत डायलिसिसला जात असेल, तर निशिगंधा सिस्टर कोण ते विचारा. आठवा महिना लागलाय तिला. सकाळपासून पोटात काही गेलंय का, क्षणभर तरी बसली का, ते बघा. ती हसून "बरी हाय" म्हणेल. तिच्या तोंडाकडं बघू नका. पाय सुजलेत का, ते बघा.