हिरव्या जेवणघराचे बाहुलीघर

मित्रांनो, मी एक जुने बाहुलीघर आहे. समोरचे दार उघडले की माझे तिन्ही मजले एकदम दिसतात. झाकलेले असे काही उरत नाही. लंडनच्या एका सुताराने मला घडवले आणि पिलबीम कुटुंबाने आपल्या मुलीच्या, हेस्टरच्या, वाढदिवसाला विकत आणले. मुलांच्या खोलीला तेव्हा नुकताच झगझगीत हिरवा कागद लावला होता. उरलेला तुकडा फेकणे त्या घराच्या शिस्तीत बसत नव्हते. तो माझ्या जेवणघराला लावला. पाहुणे म्हणत, “अगदी हुबेहूब!” मी फुगून जाई.

मग हेस्टरला उलट्या होऊ लागल्या. समुद्राच्या हवेला नेले की गाल भरत. घरी आणले की पुन्हा अंथरूण. शेवटी एका डॉक्टरने भिंतीवर बोट ठेवले. त्या हिरव्या रंगात सोमल होता. जहर! दुसऱ्याच दिवशी खोलीचा कागद खरवडून काढला.

मुलीला सांभाळणाऱ्या हॅचने माझ्याकडे पाहिले. “बाईसाहेब, ह्याच्यातलाही काढायचा का?”

“काहीतरीच काय, हॅच! त्यात माणसं थोडीच राहतात?”

राहत नव्हती, खरे आहे. पण जेवायला येत. आजारी मुलीचे मन रमावे म्हणून मला तिच्या उशाशी ठेवले. माझ्या टेबलावर प्लास्टरची कोंबडी होती, भाजी मात्र नव्हती. हेस्टर बोट ओले करून माझा कागद सोलायची, बारीक तुकडे करून बाहुलीला वाढायची.

“संपव गं! ताटात टाकलेलं चालणार नाही,” ती थेट हॅचच्या आवाजात दटावायची.

बाहुली खात नसे. मग शिस्त म्हणून हेस्टर स्वतःच ते ताट चाटूनपुसून साफ करी.

मला सारे दिसत होते. इतक्या खिडक्या, पण तोंड एकही नाही.

हेस्टर गेली. जुने दुखणे उलटले, असे सगळ्यांनी ठरवले. मला चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकले आणि पुढे विकले.

आता मी ऑलिव्हच्या घरी आहे. तिच्या आईने माझे जेवणघर हौसेने गुलाबी केले, उरलेल्या हिरव्या कागदावरच. मित्रांनो, जुनी खेळणी जपा, पुसा, डागडुजी करा. पण नवे चिकटवण्याआधी जुने खरवडा, एवढीच विनवणी. कोपऱ्यातला गुलाबी कागद सुटू लागला आहे. आज ऑलिव्हने तिथे नख घातले.

“आई, आत हिरवंगार आहे!”

“हो का? हात धू आणि जेवायला ये बघू.”

“आले. आधी बाहुलीला भाजी वाढते.”