खरवडलेला पाव

हल्ली घरोघरी एक तरी तज्ज्ञ असतो, फोनमधून उगवलेला. त्या घरात ती सून होती. दोन वर्षं बुरशीवरच्या एका ऑनलाइन चर्चागटाची रोजची वाचक; स्वतः लिहिलं मात्र एक अक्षर नाही. नवरा चिडवायचा, "आल्या आमच्या शास्त्रज्ञबाई!"

ती बेकरीत कामाला होती. पावावर बुरशी दिसली की मालक ती सुरीने खरवडत आणि उरलेल्याचे टोस्ट करत. शुक्रवारी हे टोस्ट बालवाडीतल्या मुलांसाठी जात. तिला ते बघवेना.

"मालक, बुरशीचे धागे आतपर्यंत जातात. भाजून तिचं विष जातंच असं नाही."

"कोण म्हणतं?"

"चर्चागटात..."

"तिथे काय, कोणीही उठावं नि सांगावं!"

तिने खरवडलेला एक तुकडा डब्यात ठेवला. तीन दिवसांत हिरवागार! तिने तो मालकांच्या नाकासमोर धरला.

"त्यात काय? ताजा ठेवला असतास तरी असाच झाला असता." कारागीर फिदीफिदी हसले.

ती तोंड पाडून घरी आली आणि तिने सगळं सांगितलं. सासूबाई निवृत्त परिचारिका. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, बरोबरच बोलला की तो!"

"आई, तुम्हीसुद्धा?"

"तुझ्या गटात कोणी शंका काढली तर काय करतात?"

"पुन्हा करून बघतात. शेजारी ताजा तुकडा ठेवून..." ती थबकली. दोन वर्षं हेच तर वाचत होते मी!

"मग? नुसतं वाचून कोणी पोहायला शिकलंय का?"

सोमवारी तिने दोन डबे मांडले, एक खरवडलेल्या तुकड्यासाठी, एक ताज्यासाठी. खरवडायची सुरी मालकांच्याच हाती दिली. "तुमचं समाधान होईपर्यंत खरवडा. फक्त शुक्रवारचे टोस्ट तोवर थांबवा."

गुरुवारी झाकणं उघडली. खरवडलेला हिरवा, ताजा पांढराशुभ्र!

मालकांनी थांबवलेल्या टोस्टची टोपली उचलून स्वतः कचऱ्यात रिकामी केली. "उद्या ताज्या पावाचे करा," ते कारागिरांना म्हणाले. हसायला कोणी धजलं नाही.

त्या संध्याकाळी तिने गटात पहिल्यांदा लिहिलं, फोटोसकट. लगेच उत्तर आलं: 'एकदाच केलंत? पुन्हा करून बघा.'

"आई, इथेही आमच्या मालकांचे भाऊ आहेत!" ती खळखळून हसली आणि तिने आणखी दोन डबे धुवायला घेतले.

मंडळी, वाचावं भरपूर; पण पटलेलं करून पाहावं, आणि शंका काढणाऱ्याला वैरी समजू नये. आपलं खरं पक्कं होतं ते त्याच्यामुळेच.