मोठी फोड कोणती

थोरली जन्मभर कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलाशी उभी राहिली. तिची कात्री सूतभरही चुकत नाही, असं तिथले लोक सांगत. धाकटी शाळेत गणित शिकवायची. दोघींनी लग्नं केली नाहीत, एकाच घरात राहिल्या, आणि तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना अशी गत होती.

भांडणाचं मूळ आईच्या एका नियमात होतं. घरात एकच फळ असलं की एकीनं कापायचं, दुसरीनं आधी उचलायचं. आईला वाटलं, आता तक्रारीला जागाच उरली नाही. आईनं धाकटीला ओळखलंच नव्हतं. थोरली डोळ्यांत तेल घालून सफरचंदाच्या दोन फोडी करायची. धाकटी त्या तळहातांवर तोलायची, उजेडात धरायची आणि "ही मोठी" म्हणून एक उचलायची. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"एकदा तरी सारख्या म्हण!"

"सारख्या असल्या तर म्हणेन. बरोबरचं चिन्ह फळ्यावर असतं ताई, ताटात नसतं."

एकदा थोरलीनं हट्टानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक फोड ठेवून दाखवली. काटा दोन्ही वेळा एकाच रेघेवर थांबला. धाकटी म्हणाली, "वजन सारखं असेल. वजनाचं कुठे बोलले मी? हिला लाली जास्त आहे." आता याला काय म्हणावं! वर्गात कोणी नुसतं 'मोठं' म्हणालं की 'कशापेक्षा? कशात?' असं विचारून पोरांना हैराण करणारी बाई, आणि स्वतः हरायची वेळ आली की अशी निसटायची.

थोरलीनं मनाशी धरलं होतं, एक दिवस इतकं बरोबर कापीन की हिला कबूल करावंच लागेल. म्हातारपण आलं तरी हट्ट गेला नाही.

मग थंडीत धाकटीला ताप आला, तो छातीत उतरला आणि ती गेली. रांगेत मागे उभं राहून पुढे घुसावं तशी गेली. थोरलीला त्याचाही राग आला. शेजारीपाजारी तिला अजून थोरलीच म्हणतात. कोणापेक्षा, ते कोणी विचारत नाही.

त्यानंतर तिनं सफरचंद आणलंच नव्हतं. परवा आणलं. सवयीनं दोन फोडी केल्या आणि ती तशीच बसून राहिली. आधी उचलणं हे तिचं काम नव्हतं. जन्मात कधी केलं नव्हतं.

शेवटी बशी घेऊन ती समोरच्या बिऱ्हाडी गेली. तिथे नवा भाडेकरू आला होता, औषधांच्या दुकानात कामाला होता.

"यातली मोठी कोणती, जरा सांगता?"

त्यानं भल्या माणसासारखं वाकून पाहिलं. "सारख्याच आहेत, मावशी."

"नीट बघा. हातात घ्या."

त्यानं घेतल्या, तोलल्या, परत बशीत ठेवल्या. "अगदी तंतोतंत! कापल्या कोणी? काय हात आहे हो!"

जे ऐकायला आयुष्यभर कान आसुसले होते, ते असं परक्याच्या दारात ऐकायला मिळालं. पण तिला आनंद झाला नाही. धाकटी आता नाही, हे तिला दवाखान्यात कळलं नव्हतं. ते इथे कळलं. एक फोड आपल्याला मिळणार अशा समजुतीनं त्या बिचाऱ्याचा हात पुढे आला होता. ती बशी घेऊन वळलीसुद्धा.

घरी येऊन तिनं सुरी घेतली. एका फोडीची चांगली जाड चकती उडवली आणि तोंडात टाकली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मुद्दाम चुकीचं कापलं होतं. आता लहान-मोठी आंधळ्यालाही कळली असती. मोठी फोड तिनं टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर सरकवली.

"ही मोठी," ती रडत म्हणाली. "वजनानं म्हण, लालीनं म्हण, कशानंही म्हण. उचल."

स्वतःच्या फोडीला तिनं हात लावला नाही. आधी धाकटीनं उचलायची होती. संध्याकाळपर्यंत दोन्ही फोडी काळवंडल्या, अगदी सारख्या.