उलटलेल्याच्या हातचा भात

खालच्या फळीच्या फटीत भाताचा गोळा सापडला, तेव्हा किवाला आनंद वगैरे काही झाला नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली. बौद्ध देवळाच्या या थंडगार कोठारात कोंडून त्यांना दुसरा हिवाळा लागला होता, आणि एवढ्या काळात इथे कुणी फुकट शिवीसुद्धा दिली नव्हती. मारलं तरी त्यामागे काहीतरी डाव असायचा. मग भात कोण देतंय? तोही बांबूच्या सालपटात नीट गुंडाळून, वर मुळ्याच्या लोणच्याची चकती ठेवून!

उराकामी गावाहून पकडून आणलेली ही ख्रिस्ती माणसं. एदो राजधानीतलं जुनं सरकार गेलं, सम्राटाचं नवं आलं, पण ख्रिस्त्यांवरची बंदी काही उठली नाही. दूरदूरच्या डोंगरांत त्यांना वाटून दिलं होतं, धर्म सोडेपर्यंत ठेवा म्हणून. जो 'सोडला' म्हणेल त्याला बाहेर झोपडी, पोटभर जेवण आणि गावात मजुरी करायची मुभा. जो म्हणणार नाही त्याला मूठभर कण्या, चिमूटभर मीठ, आणि अधिकाऱ्याची लहर फिरली की गोठलेल्या तळ्यात बुडवणं. किवाचा नवरा त्या तळ्यातच गेला. दुसऱ्या दिवशी तिचा सख्खा धाकटा भाऊ तोमेझो उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "सोडला बुवा मी!" तेव्हापासून कोठारात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. 'यहूदा' म्हणायचे त्याला, ज्याने प्रभूला धरून दिलं त्याच्या नावाने.

"त्याला हात लावू नकोस," जिनबेई आजोबा म्हणाले. फादर इथे नव्हते, म्हणून प्रार्थना हेच चालवायचे. "मूर्तीपुढचा नैवेद्य असेल. खाल्लास की उद्या तो अधिकारी म्हणणार, देवळाचा भात चालतो ना, मग देऊळही चालेल. कुठेतरी पाणी मुरतंय, बाई."

किवालाही अगदी तेच वाटत होतं. पण मांडीवर सहा वर्षांची इतो होती. पोरीच्या पायांच्या काड्या झाल्या होत्या. भूक लागली म्हणून ती आता रडतही नव्हती, आणि किवाला भीती त्याचीच वाटत होती. तिने आधी एक घास स्वतः खाल्ला आणि दुपारपर्यंत पोट धरून वाट पाहिली. काही झालं नाही. मग आजोबांची पाठ वळल्यावर बाकीचा पोरीला भरवला. "नैवेद्य असेल तर पाप माझं," ती पुटपुटली.

त्यानंतर भात येतच राहिला, आणि प्रत्येक गोळ्याबरोबर किवाचा संशय वाढत गेला. तो चकणा पहारेकरी तर नसेल? विधवेला भात चारून त्याला काय हवंय? की स्वयंपाकघरातला म्हातारा भिक्षू? पुण्य कमवायला आमचीच पोरगी सापडली का त्याला? शेवटी एका सकाळी सगळे अंगणातलं बर्फ उपसायला गेले, तेव्हा ती पोटात दुखतंय म्हणून मागे राहिली आणि डोळ्यांत तेल घालून त्या फटीपाशी बसली. सालपट आत सरकलं तशी तिने ते धरणारी बोटंच पकडली.

"कोण रे? बोल!"

बाहेरून हसू आलं. "सोड की, ताई. बोटं मोडलीस तर मजुरी कशाने करू?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू? कुणी पाठवलं तुला? गोड बोलून मला फितवायचं, हेच काम दिलंय ना?"

"तू गोड बोलण्याने कधी वळलीस? आई थकली तुझ्यापुढे."

"विष घातलंयस का यात?"

"विष विकत मिळतं, ताई. मला कुठलं परवडतंय?"

तिला हसू फुटणार होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "स्वतः पोटभर गिळतोस आणि उष्टं आम्हाला आणतोस. पाण्याला भ्यालास तू, भित्रट मेला!"

"भ्यालो," तोमेझो म्हणाला. "दाजींना वर काढलं तेव्हा मी पाहिलं त्यांना. खोटं कशाला बोलू, भ्यालोच. पण त्याच वेळी इतोकडेही पाहिलं. म्हटलं, आपण सगळेच आत बसून स्वर्गात गेलो तर या पोरीला भात कोण आणणार?"

"मग आता म्हण ना पश्चात्तापाची प्रार्थना! आपली आई दर नव्या वर्षाला गावप्रमुखाच्या घरी जाऊन, आपण ख्रिस्ती नाही हे दाखवायला, प्रभूचं चित्र तुडवायची. घरी येऊन पाय धुवायची आणि रडत रडत ती प्रार्थना म्हणायची. आपल्या पिढ्यान् पिढ्या त्यावर तगल्या. तुलाच काय धाड भरलीय?"

बाहेर बर्फात पाय सरकल्याचा आवाज झाला. तो पळून गेला असं तिला वाटलं.

"त्या प्रार्थनेत शेवटी काय आहे, ताई? 'पुन्हा असं करणार नाही.' उद्या सकाळी अधिकारी विचारणार, सोडलास ना नक्की? मी 'सोडला' म्हणणार. नाही म्हटलं तर मी आत आणि भात बंद. मग देवाच्या तोंडावर खोटं कसं बोलू? म्हणून म्हणतच नाही. तुम्ही सुटलात की म्हणेन."

"आणि त्याआधी मेलास तर?"

"तर मग तुम्ही जाल तिथे मी नसेन," तो म्हणाला. "पोरीला सावकाश भरव. घाईने खाल्लं तर ओकेल."

किवा भात हातात धरून तशीच बसली. प्रभूने आपल्यासाठी देह दिला, हे ती लहानपणापासून म्हणत आली होती. देह द्यायला तर तीही तयार होती, कोठारातलं कुणीही तयार होतं. हा मेला त्याच्या पुढचं, आपला आत्माच, देत होता. पण खरंच देत होता की भित्रेपणावर छान पांघरूण घालत होता? तिला कळेना, आणि रडू मात्र आवरेना.

चारच दिवसांत पहारेकऱ्याने तोमेझोला फटीपाशी धरलं. सगळ्यांना अंगणात उभं केलं. अधिकारी स्वतः आला, तोमेझोभोवती एक फेरी मारून थांबला.

"यानं धर्म सोडलाय की सोंग केलंय? खरंच सोडलेला माणूस यांना भात कशाला पोचवेल?" मग तो किवाकडे वळला. "तुम्ही ख्रिस्ती लोक खोटं बोलत नाही म्हणे. सांग बाई, हा तुमच्यातला आहे का?"

'हो' एवढंच म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं असतं तर भाऊ आत आला असता, त्याच संध्याकाळी प्रार्थना म्हणून मोकळा झाला असता. त्याचा स्वर्ग तिच्या जिभेवर होता. आणि इतो तिच्या बाहीला लोंबकळून उभी होती, स्वतःच्या पायांवर, कितीतरी दिवसांनी. तोमेझोने किवाकडे पाहिलं आणि जरा, अगदी जरा, मान हलवली. नको.

किवा पुढे गेली आणि भावाच्या तोंडावर थुंकली.

"हा आमचा? यहूदा आहे हा! भात दाखवून आम्हाला हिणवायला येतो. पोरगी भुकेली म्हणून घेते मी. कुत्र्याने आणला तरी घेईन!"

अधिकारी खो खो हसला. "हिणवतो काय? मग हिणवू दे की! भाताच्या वासानेच पाघळाल तुम्ही. सोडा रे त्याला, रोज येऊ दे."

तोमेझोने बाहीने तोंड पुसलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर किवाला बरं वाटलं असतं. तिथे सुटल्याचं समाधान होतं, आणि ते तिला सहन झालं नाही.

"शाबास, पोरी!" आत आल्यावर आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "श्रद्धा म्हणतात ती हीच."

दिवेलागणीला सगळे गुडघ्यावर बसले. पश्चात्तापाची प्रार्थना सुरू झाली. किवा सगळ्यांबरोबर म्हणत गेली आणि 'पुन्हा असं करणार नाही' या शेवटच्या ओळीशी थांबली. उद्या अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं तर ती पुन्हा थुंकणार होती.

"किवा?" जिनबेई आजोबा थांबले. "शेवटची ओळ राहिली."

"मला नाही म्हणता येणार, आजोबा."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आजोबांनी डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं, मग तिच्या शेजारी पेंगणाऱ्या इतोकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. "हीही सोडणार," कुणीतरी कुजबुजलं. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे, असं मनाशी म्हणून किवाने पोरीला जवळ ओढलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.