रेघेच्या एक हात पुढे

क्लचच्या पेडलवरचं रबर, मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं, डाव्या तळव्याच्या मापाचं.

विटकरी लिपस्टिक. महिन्यातून एकदा.

दोन लाख त्र्याण्णव हजार चारशे सहा किलोमीटर.

शेवटचे दोन आकडे एकाहत्तर.

‘दोन वर्षं चालली तरी पुष्कळ.’

पांढरी रेघ.

— आणि सिग्नल लाल आहे, जयनगरचा, शनिवारचे पावणेआठ, फिरून परतणारे दोन आजोबा पलीकडच्या फुटपाथवर, आणि सुखदा ब्रेकवर पाय ठेवून गाडी बोटबोटभर पुढे सोडते, पुढची चाकं पांढरी रेघ ओलांडतात, एक हात, बस्स, तिथे थांबते. कुणाला धक्का नाही, धोका नाही. फक्त नियम मोडला. वर खांबावर कॅमेरा आहे. ती चेहरा किंचित वर करते. गाडी काल संध्याकाळी धुतली आहे, काचा वर्तमानपत्राने पुसल्या आहेत. फोटोत नीट यावी.

फोटो तिला येत नाही. शुभंकरला जातो.

कारण कागदावर गाडी अजून त्याची आहे. नऊ वर्षांपूर्वी वेगळे झालो तेव्हा तो म्हणाला, गाडी ठेव तुला, दोन वर्षं चालली तरी पुष्कळ, नाव तेवढं बदलून घे. आणि मग, लिफ्टचं दार मिटता मिटता — तुला गाडीतलं काय कळतं म्हणा. लिफ्ट खाली गेली. त्या वाक्याला उत्तर द्यायला समोर कुणी उरलं नाही, म्हणून ते उत्तर मी गाडीला देत राहिले. नाव बदललं नाही. आधी नुसता कंटाळा. मग तीन वर्षांपूर्वी शहरात चौकाचौकांत कॅमेरे बसले, नियम मोडणाऱ्या गाडीचा फोटो मालकाच्या मोबाइलवर जाऊ लागला, आणि त्या कंटाळ्याला अर्थ आला. महिन्याला एक फोटो. ही बघ. अजून चालते. दंड तो मुकाट्याने भरतो, आणि तो मुकाटपणा तिला आवडत नाही, पण निदान त्याच्या खिशात काहीतरी थरथरत असेल — मीटिंगमध्ये, जेवताना, त्याच्या तिसऱ्या नव्या गाडीच्या गुळगुळीत सीटवर — एवढ्यावर तिचा महिना निघतो.

हिरवा.

दुसऱ्या गिअरला किंचित कुरकुर. नाही, गिअर नाही, पुढच्या उजव्या चाकाकडून येतेय. आधी हे आवाज तिला ऐकू यायचे नाहीत, गाडी म्हणजे सगळा मिळून एक आवाज होता. आता पट्टा कोरडा पडला तर कळतं, बेअरिंग गेलं तर कळतं, रेडिएटरचं पाणी कमी झालं तर सीटखालीच कळतं. शिकले मी. कुणी प्रेमाने शिकतं, मी रागाने शिकले, आणि रागाने शिकलेलं जास्त टिकतं. दर पाच हजाराला ऑइल, एक किलोमीटर उशीर नाही. ऑफिसातली रूपश्री परवा म्हणाली, सुखदा, गाडी आहे की सासू? इतकी सेवा? इलेक्ट्रिक घे ना मस्तपैकी. सुखदा हसली. सासूची एवढी सेवा केली नव्हती… केली असती तर काही वेगळं झालं असतं? नसतं. मुद्दा सासूचा नव्हताच.

चामराजपेटात गुंडूरावांचं गॅरेज. बाहेर दोन रिक्षा उघडून ठेवलेल्या, आत उदबत्तीचा आणि ग्रीसचा मिळून एक वास. गुंडूरावांचे आजोबा इथे घोडागाड्यांची चाकं बसवायचे. नातू कन्नड वळणाची मराठी बोलतो, पण ती ऐकताना पुण्याची सुखदा अजूनही अर्ध्या पावलाने मागे राहते. त्यांनी बॉनेटवर पालथा हात ठेवला, ताप बघतात तसा.

“इंजनला काय बी झालं नाही, अक्का. अजून लाखभर जातंय हे.”

“दीड लाख.”

“सरी, बरं, दीड लाख. माणसं गाडी जपतात ते बघितलंय मी. तुमचं तसं नाही. तुम्ही हिला मरू देत नाही.”

गुंडूरावांनी हात पुसले, चष्मा लावला.

“पण पुढच्या अकराला पंधरा वर्षं भरतात हिची. मग आरटीओत दाखवून कागद नवीन करायला पायजे. नाहीतर रस्त्यावर आणायला येत नाही, भंगारच. फॉर्म आत्ताच भरून टाकतो, स्वल्प थांबा.”

ते एका अंगठ्याने फोनवर टाइप करत राहिले. सुखदा डाव्या आरशाकडे बघत होती. गेल्या महिन्यात एका रिक्षाने आरसा उडवला होता. या मॉडेलचा आता मिळत नाही, म्हणून गुंडूरावांनी दुसऱ्या गाडीचा बसवून दिला होता. चंदेरी गाडीला काळा आरसा.

“झालं. मालकाच्या मोबाइलवर ओटीपी गेला बघा. शेवटी एकाहत्तर. यजमानांचा ना? फोन लावून विचारा, दहा मिनिटं असतंय ते.”

“थांबा, पाठवू नका.”

“गेला की.”

वेगळं झाल्याचं नऊ वर्षांत तिने गुंडूरावांना सांगितलं नव्हतं. यजमान कसे आहेत? बरे आहेत. असतीलही बरे.

ती गाडीत जाऊन बसली, दार ओढून घेतलं. हे कसं सुटलं नजरेतून… प्रत्येक नट तपासला, प्रत्येक नळी, आणि एवढं मोठं सुटलं. त्याच्या नावाचा मी फास केला होता, महिन्याला एकदा ओढायचा, आणि दोरीचं दुसरं टोक या गाडीलाच बांधलेलं होतं. आता मागायचं. शुभंकर, जरा ते सहा आकडे सांगतोस का. किंवा मागायचं नाही, अकरा तारखेला गाडी भंगारात, आणि तो कुठेतरी म्हणणार — म्हणणारही नाही. त्याच्या लक्षातही नसेल तो काय म्हणाला होता ते. लिफ्टमधलं ते वाक्य फक्त मी सांभाळलं, दर पाच हजाराला ऑइल घालून.

फोन थरथरला. तिच्या हातातला.

तिने काही मागितलं नव्हतं. नाव नव्हतं, नंबर होता, शेवटी एकाहत्तर. सहा आकडे. आणि त्याखाली एक ओळ:

‘डावा आरसा या गाडीचा नाही.’

म्हणजे तो बघतो. नुसता भरून टाकत नाही — उघडतो, मोठा करून बघतो. गेल्या महिन्याचा फोटो, धुतलेली गाडी, काचेमागे विटकरी ओठ, वर केलेला चेहरा. हेच हवं होतं की. तीन वर्षं हेच. मग जिंकल्यासारखं का वाटत नाही, उलट कुणीतरी खिडकीतून आपल्याला रोज बघत होतं आणि आपण केस विंचरत होतो तसं का… मी त्याला काय दाखवत होते? गाडी? आणि ही ओळ — टोमणा आहे? चूक काढली, नेहमीसारखी? की नुसतं जे दिसलं ते? तिने ओळ रागाने वाचून पाहिली. मग राग काढून घेऊन वाचून पाहिली. दोन्हीकडून बसत होती, आणि दोन्हीकडून थोडी सैल.

काचेवर टकटक.

“आला का, अक्का? चार मिनिटं हाएत.”

“नाही अजून,” सुखदा म्हणाली.

आकडे तोपर्यंत पाठ झाले होते. तिने काळ्या आरशात पाहिलं. त्यात अर्धं गॅरेज, उघडी रिक्षा, आणि कोपऱ्यात आपलाच खांदा, थोडा परका. डावा पाय आपोआप क्लचवर गेला, झिजलेल्या जागी बसला. राग तिने आत शोधला, जिथे तो रोज असतो तिथे. होता. पण आज त्याचं तोंड कुठे आहे ते कळत नव्हतं.

तीन मिनिटं.

गाडी घेतली त्या दिवशी शोरूममधून घरी ती सुखदाने चालवत आणली. शुभंकरला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती.