दुकानातला उजेड

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. संगणकाचा पडदा म्हणा हवे तर. माझ्या कोपऱ्यात एक चरा पडला आहे आणि माझी बैठक जरा डुगडुगते. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला सांगायचे आहे ते वेगळेच. ते नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही. पण सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्यावर लाल, हिरवा, निळा असे सगळे रंग उमटवून पाहिले. मग तिने मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. त्या दिवशी मी खरा होतो. हे मी मुद्दाम सांगतो.

दुकानात मात्र विक्रेत्याने माझे मागचे बटण दाबून माझा उजेड पार टोकाला नेला आणि माझ्या रंगांवर निळसर झळाळी चढवली. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली फिका माल कोणी उचलत नाही, म्हणून केलेली ती सोय होती. मला ती फार आवडली. येणारा-जाणारा माझ्यापुढे थबकू लागला.

एके दिवशी ताई आल्या. बरोबर त्यांचे यजमान होते. ताई सकाळी घरूनच एका कचेरीचे काम करायच्या आणि दुपारी लोकांचे जुने, विटलेले फोटो दुरुस्त करून द्यायच्या. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. पडद्यावर खिडकीची तिरीप चमकू नये, मान अवघडू नये इतकी उंची असावी, आणि शेवटी ठळक अक्षरांत: रंग खरे असावेत. माझ्या शेजारच्या मॉनिटरपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"अगं, तो बघ कसा आजारी दिसतोय," यजमान म्हणाले. "आणि हा बघ, काय जिवंत आहे!"

"ताई, साहेबांची नजर पक्की आहे," विक्रेता म्हणाला.

"साहेब चष्मा घरी विसरून आलेत," ताई म्हणाल्या. सगळे हसले. पण ताईंची नजरही पुन्हा पुन्हा माझ्याकडेच वळत होती. शेवटी त्यांनी मलाच घेतले. मला खोक्यात घालताना ते बटण पूर्ववत करायला विक्रेता विसरला. असे काही बटण असते, हे ताईंना ठाऊकच नव्हते.

घरी माझे केवढे कौतुक झाले! ताई रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसत. शेजारणी मला बघायला येत. पहिल्या दोन महिन्यांत ताईंनी माझ्यासमोर बसून सहा घरांतून आलेले फोटो दुरुस्त केले. लोक ते घेऊन गेले. कोणी काही बोलले नाही.

मग घड्याळजी आले. गल्लीच्या टोकाला घड्याळे दुरुस्त करणारे, बोलायला तिखट असे म्हातारे गृहस्थ. त्यांची पत्नी वारली होती आणि तिचा एकच फोटो त्यांच्याजवळ उरला होता, तोही पार फिकटलेला. फोटोत तिने शाल पांघरली होती. घड्याळजींनी ती शालच पिशवीतून आणली होती. आकाशी रंगाची, तिने स्वतः विणलेली.

"हिचा रंग बघून करा," ते म्हणाले. "अंदाजपंचे नको."

ताईंनी शाल माझ्या शेजारी ठेवली आणि माझ्यावरची शाल तिच्याशी जुळवू लागल्या. मित्रांनो, मी प्रत्येक गोष्ट निळसर दाखवत होतो. म्हणून ताई फोटोत पिवळेपणा घालत गेल्या, घालत गेल्या, आणि माझ्यावर रंग जुळला. फोटो छापून आला तेव्हा शाल शेवाळी झाली होती.

"हिला कावीळ कधी झाली होती हो?" घड्याळजींनी विचारले. "चाळीस वर्षं संसार केला, मला कळलं नाही ते!"

ताईंनी माफी मागितली आणि पुन्हा केले. पुन्हा तेच झाले. या वेळी घड्याळजी काहीच बोलले नाहीत. शाल पिशवीत घालून निघून गेले. त्यांचे ते न बोलणे ताईंना फार लागले.

माझ्यावर कोणाचाच संशय गेला नाही. नवाकोरा होतो ना मी! ताईंना वाटले, आपलेच डोळे गेले. त्यांच्या आईची दृष्टी याच वयात अधू झाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, "काही दोष नाही." तरी ताईंना ते पटेना. त्या स्वयंपाकघरात भाजीचे रंग निरखून बघत बसायच्या. मुलीला विचारायच्या, "हे हिरवंच आहे ना गं?" आणि एका दुपारी त्यांनी दारावरची 'जुने फोटो दुरुस्त करून मिळतील' ही पाटी उतरवली. मी ते समोरून पाहत होतो. मला तोंड नव्हते हे खरे. पण खरे सांगायचे तर त्या दिवसापर्यंत माझ्या झळाळीची मला जराही लाज वाटली नव्हती.

राहिलेले फोटो दुसऱ्या कोणाला तरी द्या, असा निरोप ताईंनी आपले फोटो नेहमी छापून देणाऱ्या छापखान्यातल्या काकांना पाठवला. काका तडक घरीच आले.

"वीस वर्षं तुमचं काम बघतोय. डोळे असे एका महिन्यात जातात होय? बसा इथे."

त्यांनी माझ्यावर एक कोरे पान उघडले आणि त्याच्याशेजारी छपाईचा कोरा कागद धरला. "आता सांगा, यातलं पांढरं कोणतं?"

ताईंनी एकदा कागदाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. कागद पांढरा होता. मी निळा होतो.

काकांनी माझी बटणे चाचपली आणि कपाळावर हात मारला. "अहो, हा अजून दुकानातच उभा आहे!"

माझी झळाळी उतरली. "आई, हा आता किती मरगळलेला दिसतो," मुलगी म्हणाली. ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ते डोळे उत्तम होते. मीच त्यांना महिनाभर खोटे पाडले होते.

ताई स्वतः घड्याळजींच्या घरी गेल्या आणि शाल मागून आणली. तिसरा फोटो छापून आल्यावर घड्याळजींनी शालीचा पदर त्या फोटोवर टेकवला. कुठे लोकर संपते आणि कुठे कागद सुरू होतो, ते कळेना.

"आली," ते म्हणाले. एवढेच.

मग ताईंनी आधीच्या सहाही घरी फोन केले. चूक कबूल केली आणि फोटो पुन्हा करून देते म्हणाल्या. पाच घरचे फोटो परत आले. मित्रांनो, त्यानंतर मी बारा वर्षे इमानाने काम केले, आता मुलीच्या अभ्यासाला कोपऱ्यात असतो. माझी एकच विनंती आहे. नवी वस्तू घरी आणलीत की तिच्या झगमगाटावर भाळू नका. तिच्याशेजारी एक कोरा कागद धरून बघा. आणि काही बिघडले, तर सगळा दोष आधी स्वतःच्या माथी मारू नका.

सहाव्या घरच्या बाईंनी फोटो परत दिला नाही. फोनवरचा त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"राहू द्या ताई. त्यात आई उन्हात बसल्यासारखी दिसते. मुलांनी तिला पाहिलेलं नाही ना, त्यांना ती तशीच माहीत आहे. आणि आता मलाही ती तशीच आठवते."